सगळं कळल्यावरच बाप्तिस्मा घ्यावा का?

प्रश्न: गेलं दीड वर्ष मी नियमित उपासनेला जाते. पवित्र शास्त्र उत्पत्तीपासून वाचायला घेतलं आणि लेवीयमध्ये अडकले. प्रभू येशूवर माझा विश्वास आहे, प्रार्थनेत मन लागतं. पण त्रैक्य, म्हणजे पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा मिळून एकच देव, हे नेमकं काय, आणि एकाच्या मरणाने दुसऱ्याच्या पापांची क्षमा कशी होते, हे मला अजून नीट उमगत नाही. माझ्याबरोबरच यायला लागलेल्या दोघींचा बाप्तिस्मा झालासुद्धा. पास्टर म्हणतात, "तयार झालात की सांगा." पण तयार झाले हे ओळखायचं कशावरून? मतांगीकार, म्हणजे उपासनेत सगळ्यांनी मिळून म्हणायची विश्वासाची कबुली, म्हणताना न कळलेली ओळ आली की आपण खोटं बोलतोय असं वाटतं. मी एका अभ्यासगटातही जाते. तिथे काही विचारलं की "हे पुढच्या टप्प्याचं आहे, तुमची अजून तयारी नाही" असं उत्तर मिळतं, आणि गटातलं बाहेर बोलायचं नाही अशी ताकीदही असते. माझ्या विश्वासातच काही खोट आहे का?

उत्तर:

प्रिय भगिनी,

शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी. नाही, खोट नाही. तुमची समज अपूर्ण आहे, आणि अपूर्ण समज असलेल्या माणसांना जवळ घेऊन त्यांना हळूहळू शिकवणं ही तर प्रभूची रीतच होती.

वधस्तंभाच्या आदल्या रात्री काय झालं ते पाहा. सुमारे तीन वर्षं बरोबर राहिलेल्या शिष्यांना येशू सांगतो की मला तुम्हाला अजून पुष्कळ सांगायचं आहे, पण आत्ता तुम्हाला ते सोसवणार नाही. सत्याचा आत्मा येईल तेव्हा तो तुम्हाला सर्व सत्यात नेईल (योहान 16:12-13). त्याच रात्री तो पेत्राचे पाय धुतो. पेत्र अडवतो, तेव्हा उत्तर मिळतं की मी काय करतो ते तुला आत्ता कळत नाही, पुढे कळेल (योहान 13:7). आणि पाय तेव्हाच धुतले जातात, पेत्राला कळेपर्यंत थांबून नव्हे. तुमच्या पत्रातल्या बहुतेक गाठी याच प्रसंगाजवळ सुटतील, म्हणून या आठवड्यात योहानाचा तेरावा अध्याय सावकाश दोनदा वाचा.

आता तयारी ओळखायची कशी. बहुतेकांची समजूत अशी असते की आधी सगळं डोक्यात बसेल, मग मनाला एक खात्री वाटेल, आणि मग पाऊल उचलायचं. शुभवर्तमानांत क्रम बहुधा उलटा दिसतो. योहानाच्या नवव्या अध्यायातला जन्मांध माणूस घ्या. डोळ्यांवर चिखल लावलेला असताना तो शिलोह तळ्याकडे जाऊन धुतो, तेव्हा येशूविषयी त्याला जवळजवळ काहीच माहीत नसतं. विचारणाऱ्यांना तो आधी सांगतो, "येशू नावाच्या माणसाने" हे केलं (वचन 11). थोड्या वेळाने तो येशूला संदेष्टा म्हणतो (17). चौकशी करणारे दमात घेऊ लागतात तेव्हा तो ठामपणे म्हणतो की हा देवापासून नसता तर त्याला काही करता आलं नसतं (33). सभास्थानातून घालवून दिल्यावर येशू स्वतः त्याला शोधून काढतो, आणि तेव्हा कुठे तो "प्रभू, मी विश्वास ठेवतो" म्हणत नमन करतो (38). एकाच अध्यायात चार पायऱ्या आहेत. प्रत्येक पायरीवर त्याला जेवढं ठाऊक होतं तेवढं तो प्रामाणिकपणे बोलला आणि त्याची किंमतही त्याने मोजली. पुढचा प्रकाश त्याला त्यानंतर मिळाला.

हाच नियम येशूने योहान 7:17 मध्ये सरळ सांगितला आहे: जो देवाच्या इच्छेप्रमाणे वागायला तयार आहे, त्याला ही शिकवण देवापासून आहे की नाही ते समजेल. म्हणजे तयारी पहिल्यांदा इच्छेत असते आणि समज तिच्या मागून येते. फिलिप्पैकरांस पत्रात प्रेषित पौलही तेच म्हणतो. मी अजून पूर्ण झालेलो नाही, एखाद्या बाबतीत तुमचा विचार वेगळा असला तर तेही देव तुम्हाला प्रकट करील. मात्र जिथवर आपण पोहोचलो आहोत त्याप्रमाणे चालू या (3:12-16).

मग करायचं काय? एक वही घ्या आणि पानावर तीन रकाने पाडा: कळलं, कळलं नाही, करायचं आहे. रोज दहा ते वीस वचनांचा एकच भाग घ्या. तो एकदा मनात वाचा, एकदा मोठ्याने वाचा, आणि प्रत्येक रकान्यात फार तर एक-दोन ओळी लिहा. सगळं मिळून वीस मिनिटं पुरतात. तिसऱ्या रकान्यातली गोष्ट त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी करता येण्याजोगी असू द्या. "प्रेमाने वागायचं" असं मोघम लिहू नका. अमुक माणसाला फोन करायचा, अमुक खोटं दुरुस्त करायचं, अमुक व्यक्तीसाठी नाव घेऊन प्रार्थना करायची, असं लिहा. रविवारी सातही दिवसांचा तिसरा रकाना तपासा. तो बरेच आठवडे तसाच पडून असेल आणि मधला रकाना मात्र भरत चालला असेल, तर अडचण समजेची नाही. त्यावर आणखी पुस्तकं वाचणं आणि आणखी व्याख्यानं ऐकणं हा उपाय होऊ शकत नाही.

इथे थोडं थांबायला हवं, कारण "मला कळत नाही" या वाक्यामागे कधी कधी "मला ते नको आहे" हे वाक्य दडलेलं असतं. मार्क 10:17-22 मधल्या श्रीमंत माणसाला येशूचं म्हणणं अगदी स्पष्ट कळलं होतं. म्हणूनच तो खिन्न होऊन निघून गेला. तुमच्या बाबतीत तसं असेलच असं नाही, पण एकदा पडताळून पाहा. मधल्या रकान्यातल्या प्रत्येक प्रश्नापुढे लिहा: "हे खरं असेल तर माझ्या आयुष्यात काय बदलावं लागेल?" उत्तर "फारसं काही नाही" असेल तर तो अभ्यासाचा प्रश्न आहे आणि तो सावकाश सुटला तरी चालेल. उत्तर लिहिताना पेन अडखळलं तर तो प्रश्न प्रार्थनेत आणि एखाद्या विश्वासू माणसापाशी न्या.

प्रौढपणा कशावर मोजायचा याबद्दल करिंथकरांस पहिल्या पत्रात एक गोष्ट आहे आणि ती सहज नजरेतून सुटते. तिसऱ्या अध्यायाच्या सुरुवातीला पौल त्या मंडळीला म्हणतो की मी तुम्हाला दूध पाजलं, जड अन्न दिलं नाही, कारण ते तुम्हाला पचलं नसतं. पण हेच लोक सर्व बोलण्यात आणि सर्व ज्ञानात संपन्न आहेत असं त्याने पहिल्या अध्यायात लिहिलं आहे (1:5). मग ती बाळं कशी? कारण तुमच्यात हेवा आणि कलह आहे, असं तो सांगतो (3:3). ज्ञान भरपूर असूनही माणसं एकमेकांशी भांडत होती, तट पाडत होती, आणि पौलाच्या लेखी तोच बालपणाचा पुरावा होता. इब्री लोकांस पत्रही हीच कसोटी वेगळ्या शब्दांत देतं: जड अन्न प्रौढांसाठी आहे, आणि प्रौढ कोण, तर ज्यांची बरंवाईट ओळखण्याची जाण सरावाने तयार झाली आहे (5:14). तेव्हा मैत्रिणी पुढे गेल्या म्हणून मनाला टोचणी लावून घेऊ नका. त्यांचा बाप्तिस्मा आधी झाला यावरून त्यांच्या किंवा तुमच्या विश्वासाची खोली कळत नाही. टोचणीचं रूपांतर हेव्यात होत असेल तर मात्र ते आजच तिसऱ्या रकान्यात लिहा.

वाचनाचा क्रमही बदला. लेवीयमध्ये अडकलात यात तुमचा दोष नाही. मंदिर, याजक आणि यज्ञ कशासाठी होते हे ठाऊक नसताना तिथले नियम सुटे सुटे आणि परके वाटतात. सुरुवात मार्कापासून करा. सोळाच अध्याय आहेत. एकदा तरी ते एका बैठकीत मोठ्याने वाचा, साधारण दोन तासांत होतात. मग लूक आणि प्रेषितांची कृत्ये सलग घ्या. दोन्ही एकाच लेखकाची मानली जातात, आणि दोन्ही मिळून 52 अध्याय होतात. त्यानंतर योहान. मग मागे जाऊन उत्पत्ती आणि निर्गमाचे पहिले वीस अध्याय वाचा, आणि यशया 40 ते 55. लेवीयमधला फक्त सोळावा अध्याय, प्रायश्चित्ताच्या दिवसाचा, वाचून लगेच इब्री लोकांस पत्राचा नववा अध्याय उघडा. ज्या पुस्तकात तुम्ही अडकलात त्याचा धागा तिथे हाती येईल. रोज एक स्तोत्र वाचाच. प्रकटीकरण सध्या बाजूला ठेवा. ते शेवटी आहे यालाही अर्थ आहे, कारण मागच्या पुस्तकांतल्या खुणा ओळखीच्या झाल्याशिवाय वाचणारा त्यात बहुधा भीती आणि तर्ककुतर्कच शोधत बसतो. आणि एखादा भाग कळला नाही की लगेच त्यावरचं व्याख्यान लावायची घाई करू नका. आधी तीन दिवस त्या भागाबरोबर राहा. मरीयेने न उमगलेल्या गोष्टी मनात ठेवल्या आणि त्यांचं चिंतन केलं, असं लूक दुसऱ्या अध्यायात सांगतो (2:19, 51). अशा ठेवण्यानेही समज वाढते.

आता तुमचे दोन मोठे प्रश्न. त्रैक्याचं म्हणाल, तर खुद्द मंडळीला योग्य शब्द सापडायला किती काळ लागला ते पाहा. निकीयाची परिषद इ.स. 325 मध्ये झाली, आणि आज बहुतेक मंडळ्या म्हणतात त्या रूपातल्या मतांगीकाराचा संबंध 381 मधल्या कॉन्स्टँटिनोपलच्या परिषदेशी आहे. ऑगस्टीनसारख्या विद्वानाला या विषयावरचा ग्रंथ पूर्ण करायला सुमारे वीस वर्षं लागली. तुम्हाला दीड वर्षात ते पेलत नाही यात काही विशेष नाही. विश्वास म्हणून जे धरायचं ते थोडक्यात इतकंच आहे: पिता देव आहे, पुत्र देव आहे, पवित्र आत्मा देव आहे, पिता म्हणजे पुत्र नव्हे, पुत्र म्हणजे आत्मा नव्हे, आत्मा म्हणजे पिता नव्हे, आणि देव एकच आहे. ही सात विधानं एकत्र कशी बसतात हे उलगडून दाखवण्याची अट तुमच्यावर कुणी घातलेली नाही. त्यातलं एकही सोडायचं नाही, एवढंच मागितलेलं आहे.

त्रैक्य समजावण्यासाठी दिल्या जाणाऱ्या उपमांपासून मात्र जपून राहा. पाणी, बर्फ आणि वाफ ही उपमा फार ऐकू येते. पण तिच्यातून निघतं ते असं की एकच देव वेळेनुसार तीन रूपं घेतो, आणि ही शिकवण मंडळीने तिसऱ्या शतकातच नाकारली होती. मत्तय 3:16-17 उघडून बघा. पुत्र यार्देनेच्या पाण्यातून वर येतो, आत्मा कबुतरासारखा उतरतो आणि पित्याची वाणी ऐकू येते, तिन्ही एकाच वेळी. उपमेने क्षणभर समाधान होतं, पण पुढे हाच शास्त्रभाग तिच्या आड येतो. तेव्हा उपमा नको, असे शास्त्रभाग गोळा करा. योहान 14 ते 16 हे अध्याय यासाठी सर्वांत समृद्ध आहेत, कारण तिथे पुत्र स्वतः पित्याविषयी आणि आत्म्याविषयी बोलतो.

वधस्तंभाविषयी एक गोष्ट तुम्हाला दिलासा देईल. येशू आपल्यासाठी, आपल्या तारणासाठी मेला आणि उठला हे मतांगीकार ठामपणे सांगतो. ते नेमकं कसं घडतं याचं एकच एक स्पष्टीकरण मात्र तो देत नाही. नवा करार कितीतरी चित्रं वापरतो. मार्क 10:45 मध्ये खंडणी भरून गुलाम सोडवल्याचं चित्र आहे, इब्री 9 मध्ये यज्ञाचं, रोमकरांस पत्राच्या तिसऱ्या अध्यायात न्यायालयाचं, 2 करिंथ 5:18-19 मध्ये तुटलेलं नातं जुळवल्याचं, आणि कलस्सै 2:15 मध्ये दुष्ट सत्तांवरच्या विजयाचं. गोंधळ होतो तो ही सगळी चित्रं एकदम मनात कोंबल्यामुळे, किंवा एकच चित्र धरून बाकीची टाकून दिल्यामुळे. नुसतं न्यायालयाचं चित्र धरलं तर पिता रागावलेला आणि पुत्र दयाळू अशी फूट मनात पडते, आणि ती चुकीची आहे. पित्यानेच जगावर प्रेम करून पुत्र दिला (योहान 3:16). दर पंधरा दिवसांनी एक चित्र घ्या, त्याचे शास्त्रभाग वाचा आणि त्याच चित्राच्या शब्दांत प्रार्थना करा. जे चित्र सर्वांत परकं वाटतं ते शेवटी घ्या, पण टाळू नका.

बाप्तिस्म्यासाठी मुळात किती कळलेलं असावं? प्रेषितांच्या कृत्यांच्या आठव्या अध्यायात इथिओपियाचा एक दरबारी अधिकारी रथात यशया वाचत चाललेला असतो. वाचता ते समजतं का, असं येशूचा अनुयायी फिलिप्प त्याला विचारतो. कुणी वाट दाखवल्याशिवाय कसं समजणार, असं तो मोकळेपणाने म्हणतो. यशयाच्या 53 व्या अध्यायापासून सुरू झालेलं ते एक संभाषण, आणि वाटेत पाणी लागताच बाप्तिस्मा. पुढे मंडळीने शिक्षणाचा काळ वाढवला. तिसऱ्या शतकाच्या सुरुवातीची मानल्या जाणाऱ्या 'प्रेषितीय परंपरा' या नियमावलीत उमेदवाराने तीन वर्षं ऐकावं असं सांगितलं आहे. पण कुणी मन लावून शिकत असेल तर काळ न पाहता वागणूक पाहावी, असंही तिथेच आहे. बाप्तिस्म्याआधी काय तपासायचे, तर या माणसाने विधवांचा मान राखला का, आजाऱ्यांना भेट दिली का, सत्कर्मं केली का. इ.स. 350 च्या सुमारास जेरुसलेममध्ये सिरिल या धर्मगुरूने बाप्तिस्म्याच्या उमेदवारांना 18 व्याख्यानं दिली. बाप्तिस्मा आणि प्रभुभोजन यांचा गूढ अर्थ उलगडणारी पाच व्याख्यानं मात्र बाप्तिस्मा झाल्यानंतर, पुनरुत्थानाच्या सणाच्या आठवड्यात होत. कॅथलिक मंडळीने 1972 मध्ये प्रौढांसाठी जो दीक्षाविधी पुन्हा सुरू केला त्यातही शिक्षणाचा शेवटचा टप्पा बाप्तिस्म्यानंतरच येतो. काही गोष्टी आत आल्यावरच कळतात हे जुन्या शिक्षकांना चांगलं ठाऊक होतं.

मंडळीगणिक नियम वेगळे आहेत. कुठे वर्ग ठरलेले असतात, कुठे सर्वांसमोर साक्ष द्यावी लागते, कुठे बालपणी बाप्तिस्मा होऊन मोठेपणी दृढीकरण होतं. पण कुठेही गेलात तरी गाभ्याशी काही गोष्टी असतातच. त्या कोऱ्या कागदावर, पुस्तक न पाहता, स्वतःच्या शब्दांत लिहून बघा: येशू कोण आहे आणि देवाने त्याला मेलेल्यांतून उठवलं असं मी मानते का (रोम 10:9), मी कोणत्या पापापासून वळते आहे, नाव घेऊन, क्षमा माझ्या कमाईने मिळते की त्याच्या कृपेने, आणि इथून पुढे त्याच्या मंडळीबरोबर, त्याच्या आज्ञेत चालायची माझी इच्छा आहे का. प्रत्येकावर चार-पाच ओळी झाल्या, आणि त्या लिहिताना आपण दुसऱ्याचं वाक्य उतरवतोय असं वाटलं नाही, तर बाप्तिस्मा मागण्याइतकी तयारी झालेली आहे. त्रैक्यावर निबंध लिहिता येत नसला तरीही.

मतांगीकाराविषयी तुमची रुखरुख प्रामाणिक आहे आणि ती हलकी समजू नये. त्याची एक प्रत घ्या आणि प्रत्येक ओळीपुढे खूण करा: ही मला कळते आणि मी धरते, ही कळत नाही, पण मंडळीबरोबर धरते, ही मला खोटी वाटते. पहिल्या दोन खुणांच्या ओळी म्हणताना तुम्ही खोटं बोलत नाही. मतांगीकार म्हणजे परीक्षेचं उत्तर नव्हे. आपल्या आधीच्या आणि आपल्याबरोबरच्या विश्वासणाऱ्यांच्या सुरात सूर मिळवून देवावर टाकलेला भरवसा आहे तो. "मी विश्वास ठेवतो, माझा अविश्वास घालवून टाका" असं ओरडून म्हणणाऱ्या बापाला येशूने परत पाठवलं नाही. त्याचा मुलगा बरा झाला (मार्क 9:24-27). तिसरी खूण एखाद्या ओळीपुढे पडली तर मात्र ती लपवू नका. बाप्तिस्म्याआधी ती पास्टरांसमोर ठेवा. न कळणं आणि नाकारणं या दोन वेगळ्या अवस्था आहेत. नाकारणं मनात दाबून पाण्यात उतरलात तर पुढे त्याचा त्रास तुम्हालाच होईल.

आणि मधेच कधी मन कोरडं पडेल, प्रार्थना नकोशी होईल. तेव्हा आधी शांत मनाने घेतलेला निर्णय फिरवू नका, ही सोळाव्या शतकातल्या इग्नेशियस लोयोलाची सूचना आजही तितकीच उपयोगी आहे. वही आणि स्तोत्र तेवढं चालू ठेवा.

आता अभ्यासगट. याबद्दल स्पष्टच लिहायला हवं. हळूहळू शिकवणं आणि लपवून शिकवणं यांत फार अंतर आहे. लोकांना ऐकता येईल तेवढंच येशू सांगत असे, हे मार्क 4:33 मध्ये आहेच. पण महायाजकासमोर चौकशी झाली तेव्हा मी जगासमोर उघडपणे बोललो, गुप्तपणे काही बोललो नाही, असंही त्याने ठणकावून सांगितलं (योहान 18:20). पौलानेही इफिसच्या वडिलांना निरोप देताना देवाचा सगळा मनोदय सांगायला आपण कसूर केली नाही असं म्हटलं (प्रेषितांची कृत्ये 20:27). प्रेषितांचं एक गुप्त ज्ञान फक्त वरच्या दर्जाच्या लोकांना मिळतं, असा दावा करणारे गट दुसऱ्या शतकातही होते. इ.स. 180 च्या सुमारास ल्योनच्या आयरेनियस या धर्माध्यक्षाने त्यांना दिलेलं उत्तर साधं आहे: प्रेषितांजवळ असं काही गुपित असतं, तर ज्यांच्या हाती त्यांनी मंडळ्या सोपवल्या त्यांना त्यांनी ते सर्वांत आधी दिलं असतं.

चांगला शिक्षकही कधी कधी "हे आत्ता नको" म्हणतो. पण तो का नको ते सांगतो, त्याआधी काय वाचायचं ते सांगतो, आणि पुन्हा केव्हा बोलायचं तेही ठरवतो. तुमच्या गटातल्या प्रमुखांना चार गोष्टी विचारा. सगळ्या टप्प्यांचा अभ्यासक्रम मला आज लेखी बघायला मिळेल का? आपण कोणता मतांगीकार मानतो? इथे शिकलेलं मी माझ्या पास्टरांना आणि घरच्यांना सांगू शकते का? तुमचा अर्थ मला शास्त्राशी ताडून पाहता येईल का, जसा बिरुयाच्या लोकांनी खुद्द पौलाचा ताडून पाहिला आणि त्याबद्दल त्यांची वाखाणणीच झाली (प्रेषितांची कृत्ये 17:11)? यातल्या एकाही प्रश्नाला टाळाटाळ झाली, विचारल्याबद्दल तुम्हालाच दोषी ठरवलं गेलं, किंवा पुढच्या टप्प्यासाठी पैसे, शपथ अथवा मंडळीपासून दूर होणं मागितलं गेलं, तर तिथे जाणं थांबवा. थांबण्यासाठी कुणाची परवानगी लागत नाही. "बाहेर बोलायचं नाही" या ताकिदीने तुम्ही बांधल्या गेलेल्या नाही. तिथे काय चालतं ते पास्टरांना सांगा.

गटाऐवजी एक माणूस शोधा. अपुल्लो शास्त्रात प्रवीण होता, उत्साहाने बोलत होता, पण त्याला फक्त बाप्तिस्मा करणाऱ्या योहानाचा बाप्तिस्मा ठाऊक होता. प्रिस्किल्ला आणि अक्विला यांनी त्याला सभेत सर्वांसमोर खोडून काढलं नाही. बाजूला घेऊन देवाचा मार्ग अधिक नेमकेपणाने समजावून दिला (प्रेषितांची कृत्ये 18:24-26). तुमच्या मंडळीत अशी एखादी प्रौढ विश्वासाची बहीण नक्की असेल. तिचं शास्त्राचं ज्ञान बघा, पण त्याहून अधिक हे बघा की तिच्या जवळची माणसं तिच्याबद्दल काय म्हणतात, आणि "मला माहीत नाही, आपण शोधू" असं ती म्हणू शकते का. पंधरा दिवसांतून एक तास मागा. दर भेटीला मधल्या रकान्यातला एकच प्रश्न न्या. पाच प्रश्न नेलेत तर पाचही अर्धवट राहतात.

मग पास्टरांकडे जा. "तयार झालात की सांगा" हे वाक्य त्यांनी तुमच्यावर दडपण येऊ नये म्हणून म्हटलं असण्याची शक्यता बरीच आहे, पण त्यात पुढची वाट दिसत नाही. ती तुम्हीच मागून घ्या. किती वर्ग असतात, विषय कोणते, आणि विधीच्या वेळी उमेदवाराला नेमके कोणते प्रश्न विचारले जातात, हे विचारा. त्या प्रश्नांची प्रत घरी न्या आणि रोज एक प्रश्न घेऊन प्रार्थनेत बसा. सगळे संपले की वही, खुणा केलेला मतांगीकार आणि तो कोरा नसलेला कागद घेऊन पुन्हा भेटा. प्रत्येक प्रश्नाला मनापासून "होय" म्हणता येत असेल तर तारीख ठरवा. एखाद्या ठिकाणी येत नसेल तर त्याच एका प्रश्नासाठी महिनाभराची मुदत घ्या, बेमुदत नको. आणि बाप्तिस्म्यानंतरच्या दोन-तीन महिन्यांसाठीही त्यांच्याकडून भेटीच्या वेळा आत्ताच मागून ठेवा, कारण त्रैक्याचा प्रश्न तेव्हाही तुमच्या मधल्या रकान्यात असणार आहे आणि तो घेऊन बसायला जागा हवी.